न मागितलेला सायलेन्सर

लाज ही एकजिनसी वस्तू नाही. लोक पाहतील म्हणून जी वाटते ती एक. आणि कोणीही पाहत नसताना, बंद दाराआड एकट्या बसलेल्या माणसाची मान जी खाली घालते ती दुसरी. आपल्या कोशकारांनी व्रीडा, त्रपा, लज्जा, ह्री हे शब्द एका पंक्तीत बसवले खरे, पण त्यांतल्या ह्रीचे आसन मला नेहमी थोडे उंचावर वाटत आले आहे. बौद्ध आचार्यांनी तर आतून उमटणारी ही लाज आणि अपकृत्याचे भय या दोन मनोधर्मांना जगाचे पालक म्हटले. राजे आणि त्यांचे दंड पुष्कळ नंतर येतात. माणसाला आधी सांभाळतात ती ही दोन.

हे पालकत्व सुखाचे मात्र नसते. ते ज्याच्या घरी वस्तीला येते, त्याच्या घरात घास कडू होतो. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका सहकारी सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या काशीनाथ गजघाटे यांच्याकडे ते जन्मभर राहिले. मध्येच एकदा थोड्या दिवसांसाठी हे पालकत्व त्यांचे घर सोडून गेले, आणि परतले ते कायमचे. ही हकिकत त्या थोड्या दिवसांची, आणि एका लहानशा डर्ट बाइकच्या सायलेन्सरची आहे.

काशीनाथ मूळचे भंडारा जिल्ह्यातले. स्पर्धापरीक्षा देऊन ते तरुणपणी दिल्लीत आले आणि केंद्र सरकारच्या एका कार्यालयात फायलींच्या सहवासात त्यांचे केस पिकले. आवाज अत्यंत मृदू. बैठकीत ते एखादी सूचना करीत, ती कोणाच्या कानी जात नसे; पाच मिनिटांनी तीच सूचना दुसरा कोणी खणखणीत स्वरात मांडी आणि साहेब म्हणत, "बिल्कुल सही." काशीनाथ पेन्सिलीचे टोक न्याहाळीत बसत. याचे त्यांना दुःख नव्हते असे ते स्वतःला सांगत असत.

त्यांची खरी ओळख सोसायटीला पटली ती लिफ्टच्या प्रकरणात. घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, असा ठराव एकदा सभेत आला. काशीनाथ तेव्हा सोसायटीचे सचिव. ज्या समाजातून ते आले होते, त्याला पाणवठ्याचे आणि पायऱ्यांचे नियम काय असतात हे कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्या सभेत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवसापासून काशीनाथ जिने चढू लागले. भाजीच्या पिशव्या घेऊन, गुडघे दुखत असताना, पाहुण्यांना लिफ्टमध्ये बसवून स्वतः पायऱ्यांनी.

"अहो, कोणाला शिक्षा करताय?" कमलाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, कावून विचारले.

"कोणाला नाही. त्या लिफ्टमध्ये आरसा आहे ना, कमल. त्यात मला बघवत नाही."

शेवटी शेजाऱ्यांनाच ओशाळल्यासारखे झाले आणि नियम मागे घेतला गेला. अशा या माणसाने खोटे बोलावे, आणि तेही आपल्या मुलीशी, ही गोष्ट त्यांच्या ओळखीतल्या कोणालाही पटली नसती.

मुलगी क्रांती. अकरावीत शिकणारी, अंगापिंडाने बारकी, बोलायला तिखट. तिला मातीत चालवायच्या मोटरसायकलींचा नाद लागला होता. फरीदाबादच्या पलीकडे, अरावलीच्या उघड्या टेकड्यांच्या पायथ्याशी एका माणसाने आपल्या जमिनीवर सरावाचा खाजगी ट्रॅक केला होता. तिथल्या शेडमध्ये क्रांतीची लहान चाकांची, टू-स्ट्रोक इंजिनाची, एका कुटुंबाने वापरून सोडलेली गाडी असे. दर शनिवारी बापलेक तिकडे जात. ट्रॅकच्या मागच्या अंगाला एक खडकाळ घळ होती, वळणावळणांची, मोठमोठ्या मुलांनाही नकोशी वाटणारी. क्रांती त्या घळीतून अशी निघे, की जणू पाणी आपली वाट आपणच शोधीत चालले आहे. तिच्या आयुष्यात तेवढी एकच जागा होती, जिथे ती कोणाशी भांडत नसे.

ट्रॅकवर आणखी एक मराठी कुटुंब येई. काशीनाथांच्याच कार्यालयातले, गाझियाबादला राहणारे विश्वास ढोके आणि त्यांचा मुलगा हितेश. हितेशची गाडी सरळ पट्ट्यावर अशी किंचाळत जाई की झाडावरचे पोपट उडत. विश्वास स्वभावाने मोकळा, तोंडाने सैल. एका शनिवारी चहाचा कागदी पेला हातात घेऊन तो म्हणाला, "काशीनाथभाऊ, क्रांतीची गाडी काय शिलाई मशीनसारखी वाजते यार! ब्लाउज शिवून मिळेल का?"

सगळे हसले. काशीनाथही हसले. पण त्या हसण्याबरोबर काहीतरी खोल जाऊन रुतले. कार्यालयातल्या त्या सगळ्या न ऐकल्या गेलेल्या सूचना, ती पेन्सिलीची टोके, सारे एकदम वर आले. आपल्या घराण्याचा आवाजच असा, असे त्यांना वाटले. आणि त्या क्षणी, जन्मात पहिल्यांदा, त्यांना क्रांतीची लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात क्रांती घळीत घसरली. तिला खरचटले तेवढेच, पण सायलेन्सरच्या फुगीर पोटाला खडकाने मोठा पोचा पाडला. इतर गाड्यांत सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारे धुराडे. टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी असते. या इंजिनात जळलेल्या धुराला अडवायला झडप नसते, त्यामुळे धुराबरोबर न जळलेले इंधनही बाहेर निसटू पाहते. सायलेन्सरच्या पोटावर आपटून जी लाट मागे फिरते, ती त्याला पुन्हा आत ढकलते. पोटाचा आकार कसा, त्यावर इंजिन केव्हा जोर धरणार हे ठरते. एक घडण हळू वेगातच ओढ देते. दुसरी तिथे मरगळलेली असते आणि वरच्या वेगात एकाएकी पेट घेते. पोचा पडला की ही सगळी लय बिघडते. नवाच सायलेन्सर घ्यायचे ठरले.

घरी जेवताना क्रांतीने आपल्याला काय हवे ते स्वच्छ सांगितले.

"बाबा, दोन टाइपचे असतात. मला तो खालच्या स्पीडवाला पाहिजे. टर्नमधून निघताना, ते... काय म्हणतात... खींच."

"ओढ," काशीनाथ म्हणाले.

"हां, ओढ. आवाज नाही झाला तरी चालेल. ओढ पाहिजे. तुम्ही आणाल ना? माझी शाळेत टेस्ट आहे."

"आणतो."

"नक्की? लो-स्पीडवाला. विसरू नका."

"अगं, सांगितलं ना, आणतो," असे म्हणून त्यांनी तिच्या ताटात पोळी वाढली.

करोल बागेतल्या दुकानदाराने दोन्ही सायलेन्सर काचेच्या टेबलावर ठेवले. क्रांतीने मागितलेला दिसायला साधा, काळसर; दुसरा रुप्यासारखा चकचकीत, आखूड शेपटीचा. "आवाज़ सुनिए, सर," म्हणून दुकानदाराने मोबाइलवर त्या चकचकीत सायलेन्सरची ध्वनिफीत लावली. तो तीक्ष्ण, आकाश चिरणारा नाद दुकानात भरला आणि रस्त्यावरून जाणारी दोन माणसे मागे वळून पाहू लागली.

त्यांनी वळून पाहिले, हे काशीनाथांनी पाहिले. बस, तेवढेच झाले.

"ये वाला बाँध दीजिए," ते म्हणाले. त्यांना आपला आवाज थोडा मोठा झाल्याचा भास झाला.

क्रांतीने खोके उघडले तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उतरला. "हा तर वरच्या स्पीडवाला आहे."

"तो दुसरा दुकानात नव्हता," काशीनाथ म्हणाले. "हाच मिळाला."

वाक्य इतके सहज निघाले की त्यांचे त्यांनाच नवल वाटले. क्रांतीने शंका घेतली नाही. या बापाच्या शब्दावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती. तिने त्या चकाकत्या पत्र्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "चलो, ठीक आहे. याच्याशी दोस्ती करू." तिच्या त्या समजूतदारपणाने काशीनाथांचे काळीज हलले; पण ते पाणी प्याले आणि त्यांनी बातम्या लावल्या.

ट्रॅकवरचा मिस्त्री सतबीर याने सायलेन्सर बसवता बसवता विचारले, "बिटिया ने यही माँगा था, साहब?"

"हाँ," काशीनाथ म्हणाले. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागला.

सतबीरने खांदे उडवले, नव्या सायलेन्सरला साजेल असा कार्ब्युरेटर जुळवून दिला आणि क्रांतीने गाडी पट्ट्यावर काढली. काय तो आवाज! सगळ्या माना वळल्या. विश्वासने चहाचा पेला उंचावला. "अरे वा भाऊ! आता कसं! शिलाई मशीन गेली, विमान आलं!" काशीनाथांचा ऊर भरून आला. हे नमूद केलेच पाहिजे, कारण पुढे त्यांना सर्वांत अधिक लाज वाटली ती खोटे बोलल्याची नव्हे. त्या क्षणी आपल्याला आनंद झाला होता, याची.

क्रांती घळीत शिरली. पहिल्याच वळणावर इंजिन गुदमरले. तिने मूठ पिळली तशी गाडी एकदम उसळली, मागचे चाक खडीवर फिरले आणि ती पडली. उठली, पुन्हा गेली, पुन्हा पडली. त्या शनिवारी आणि पुढच्याही शनिवारी हेच चालले. पाण्यासारखी वाहणारी ती पोर दगडांवर आपटू लागली. तिचे बोलणे कमी झाले. कोपर सोलून बाहेर आली की ती बापाकडे न बघता बाटली तोंडाला लावी.

आणि काशीनाथ? ते सल्ला देत होते. "थोडं जास्त पिळ." "वळायच्या आधी घाबरतेस तू." एकदा तर विश्वासच्या देखत म्हणाले, "मन लावून चालवत नाहीस हल्ली, क्रांती."

एका शब्दाला तीन शब्द देणाऱ्या क्रांतीने हेल्मेट चढवले आणि गाडी पुन्हा घळीकडे वळवली.

त्या संध्याकाळी घरी येऊन ती त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. हाताला कमलाबाईंनी लावलेल्या हळदीचा वास येत होता.

"बाबा, सॉरी."

"कशाबद्दल?"

"तुम्ही एवढा चांगला सायलेन्सर आणला. सगळे म्हणतात भारी आहे. मग माझ्यातच काहीतरी कमी आहे. आधी जमायचं ते बहुतेक... म्हणजे लकच असेल. मी ठरवलंय, गाडी देऊन टाकू. हितेशला बॅकअपला पाहिजे म्हणे." ती हसायचा प्रयत्न करीत होती. "तुमचेही शनिवार वाचतील."

काशीनाथांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सांगायचे ते जिभेच्या टोकावर आले आणि तिथेच राहिले. "उद्या बोलू," ते म्हणाले. एवढेच.

दुसरा दिवस रविवारचा. सोसायटीच्या सभागृहात त्या परिसरातली विदर्भ-मराठवाड्याकडची बौद्ध कुटुंबे सकाळी वंदनेला जमत. भंते, म्हणजे भिक्खू, नसतील तेव्हा कोणीतरी वडीलधारे पुढे उभे राहून त्रिशरण-पंचशील सांगत आणि बाकीचे मागोमाग म्हणत. हा मान कित्येक वर्षे काशीनाथांचा होता. त्यांच्या मृदू आवाजाला जगात एवढी एकच जागा होती जिथे तो सर्वांना ऐकू येई आणि सर्व जण त्याचेच शब्द उच्चारीत. आपला आवाज कोणी ऐकावा म्हणून ज्याने करोल बागेत जाऊन किंकाळी विकत आणली, त्याचा आवाज दर रविवारी ऐकला जातच होता. हे त्या सकाळपर्यंत त्यांच्या ध्यानात कधी आलेच नव्हते.

पांढरे कपडे घातलेली ती मंडळी हात जोडून उभी. पहिले शील झाले. दुसरे झाले. तिसरे झाले. चौथे शील असत्य बोलण्यापासून दूर राहण्याचे. काशीनाथांनी श्वास घेतला, ओठ उघडले आणि शब्द आला नाही. सभागृह थांबले. छताचा पंखा करकरत होता. कमलाबाईंनी डोळे उघडले.

तेव्हा मागच्या रांगेतून क्रांतीचा आवाज आला. बाबा विसरले, असे तिला वाटले. सर्वांसमोर त्यांची फजिती होऊ नये म्हणून तिने स्वच्छ, खणखणीत सुरात चौथे शील म्हटले, आणि सारी सभा तिच्या मागून म्हणाली. पट्टी बांधलेले तिचे ते जोडलेले हात काशीनाथांना पाठीमागे दिसत नव्हते. तरी ते दिसले.

पाचवे शील त्यांनी कसेबसे पुरे केले. मंडळी पांगली. चपलांच्या रांगेपाशी क्रांती वाकून आपले बूट शोधत होती.

"तब्येत बरी आहे ना, बाबा? तुम्ही कधी विसरत नाही."

"विसरलो नव्हतो." ते तिथेच पायरीवर बसले. "क्रांती, तो दुसरा सायलेन्सर दुकानात होता."

"काय?"

"तू सांगितलेला. टेबलावर माझ्यासमोर होता. मी घेतला नाही. आवाज मोठा म्हणून हा घेतला. आणि नव्हता म्हणून तुला सांगितलं."

ती बूट हातात धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर प्रथम जे आले ते सुटकेसारखे काहीतरी होते. "म्हणजे मी पडत होते ते..."

"तुझ्यामुळे नाही."

"मी नीट चालवत होते?"

"तू नीटच चालवत होतीस."

मग ती सुटका ओसरली. "आणि तुम्ही मला विश्वासकाकांसमोर म्हणालात, मन लावून चालवत नाहीस." ती एक पाऊल मागे सरली. "तुम्हाला माहीत होतं, बाबा. सगळ्या वेळी माहीत होतं."

"हो."

क्षमा मागायचा शब्द त्यांच्यापाशी होता, पण तो उच्चारून आपण तिच्यावरच क्षमा करण्याचे आणखी एक काम लादू, असे त्यांना वाटले. क्रांती अनवाणीच निघून गेली, बूट हातात घेऊन.

घरात तिने दोन गोष्टी सांगितल्या. गाडी द्यायची नाही. आणि तो सायलेन्सर बाबांनी काढायचा, स्वतःच्या हाताने, ट्रॅकवर.

पुढच्या शनिवारी सतबीरने जुना सायलेन्सर भट्टीजवळ घेतला. दोन्ही तोंडे बंद करून त्यात हवा भरली आणि पोचा आलेली जागा ज्योतीने तापवली; लाल झालेला पत्रा हळूहळू फुगून वर आला. जिथे खड्डा होता तिथे निळसर डाग राहिला. दरम्यान काशीनाथ मातीत गुडघे टेकून पान्याने नव्याचे बोल्ट सोडवीत होते. हात तेलाने माखले होते.

विश्वास धावतच आला. "अरे भाऊ, काढताय काय? एवढा फर्स्टक्लास आवाज!"

काशीनाथांनी मान वर केली. क्रांती हेल्मेट हातात घेऊन जवळच उभी होती. ती मदतीला आली नाही.

"हा तिने मागितलाच नव्हता, विश्वासराव. मी तिच्याशी खोटं बोलून लावला. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही वळून बघावं म्हणून."

विश्वास कावराबावरा झाला. त्याने डोके खाजवले. "कशावरून पण?"

"शिलाई मशीन."

"कोणती शिलाई मशीन?" त्याला खरोखरच आठवत नव्हते. मग आठवले आणि त्याचा चेहरा पडला. "अहो भाऊ, मी तर असंच म्हणालो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून."

काशीनाथांनी पुन्हा मान खाली घातली आणि उरलेला बोल्ट सोडवला. ज्या शब्दासाठी त्यांनी लेकीचा विश्वास खर्ची घातला होता, तो शब्द बोलणाऱ्याच्या लक्षातही राहिला नव्हता.

जुना सायलेन्सर चढला. गाडी शिलाई मशीनसारखी वाजू लागली. क्रांती घळीत शिरली आणि बराच वेळ फक्त तो बारीक, एकसुरी, न तुटणारा आवाज खडकांमागून येत राहिला. काशीनाथ उभे राहून ऐकत होते. ती बाहेर आली तेव्हा तिने बापाकडे पाहिले नाही. पण पुन्हा आत जायला गाडी वळवली.

गाडी तिने सोडली नाही. बापालाही तिने सहजासहजी सोडले नाही. त्यानंतर कितीतरी काळ, दुकानातून काही आणायचे असले की ती म्हणे, "राहू द्या बाबा, मी स्वतः विचारते." साध्या चेनच्या तेलासाठीसुद्धा. काशीनाथ "बरं" म्हणत. तो चकचकीत सायलेन्सर विकायचा विषय निघाला तेव्हा क्रांती म्हणाली, "असू दे इथेच." तो बाल्कनीतल्या चपलांच्या कपाटात पडून राहिला. कपाट उघडले की तो घरंगळून दारावर आपटे. "अहो, हे एकदा भंगारात तरी द्या," कमलाबाई वैतागत. "आता तर नाहीच," काशीनाथ म्हणत, आणि वाकून तो परत आत सरकवीत.

वंदनेचे पुढारपण सोडायचा त्यांनी प्रयत्न केला. मंडळींनी ऐकले नाही. म्हणून ते सांगत राहिले, पण त्या रविवारपासून चौथ्या शीलापूर्वी ते क्षणभर थांबत. विसरल्यासारखे नव्हे. उंबरठ्यावर माणूस पाय पुसायला थांबतो तसे. क्रांती मागच्या रांगेत असे. एके रविवारी तो विराम जरा लांबला, तेव्हा तिने मागून अगदी हलक्या आवाजात म्हटले, "म्हणा, बाबा." त्यांनी म्हटले. क्षमेसारखे काही त्यांना मिळाले असेल तर ते एवढेच.

मागच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने काशीनाथ गेले. लिफ्टने त्यांना खाली आणले.

क्रांती अजून त्या घळीत गाडी चालवते, निळ्या डागाच्या जुन्या सायलेन्सरवर. दुसरा चपलांच्या कपाटात आहे. सभागृहात आता धम्मदीप नावाचा तरुण पंचशील सांगतो. त्याने काशीनाथांनाच ऐकत सगळे पाठ केले, त्यामुळे चौथ्या शीलापूर्वी तोही थांबतो, आणि त्याच्याबरोबर सगळे थांबतात. नव्याने आलेल्यांना वाटते, तशीच पद्धत असेल.